शिकाऊ हातांचा खर्च कोणी उचलायचा?

पेण म्हटलं की गणपती आणि रोहा म्हटलं की धाटाव, अशी या दोन गावांची ओळख साऱ्या महाराष्ट्राला आहे. पनवेलहून निघालेली रेल्वे हमरापूर, पेण, नागोठणे अशी स्थानकं घेत रोह्याला पोचते आणि तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. मौज अशी, की या टापूत ‘कारखाना’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पेणच्या आळीत किंवा हमरापूर-जोहे भागात कारखाना म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवण्याची जागा. तिथे साचे, मातीचे गोळे, रंगाचे डबे आणि ओळीने वाळत ठेवलेल्या मूर्ती. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना म्हणजे रंगद्रव्यं आणि निरनिराळी रसायनं तयार करणारा, तीन पाळ्यांत चालणारा पसारा.

दोन्हीकडे तरुण मुलं काम शिकतात. शिकताना माल बिघडतो, वेळ जातो, शिकवणाऱ्याचं स्वतःचं काम अडतं. म्हणजे शिकणं फुकट होत नाही. त्याची किंमत कोणी तरी मोजतच असतं. ती कोण मोजतं, कोणी मोजायला हवी, आणि जो पैसे मोजतो त्याच्या अटींमुळे मुलाच्या पदरात नेमकं काय पडतं, हे आज आपण समजून घेऊ. सरकारी योजनांची नावं सतत कानांवर पडतात. पण पैसा कुठून निघतो आणि कुठे मुरतो हे कळलं, तर दहावी-बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींसाठी निवड करणं सोपं जाईल.

गुरूच्या घरची आणि कंपनीच्या दारची विद्या

मूर्तिकाराच्या कारखान्यात मुलगा आधी माती मळतो. मग साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे साफ करतो. पुढे अंगाचा रंग, दागिन्यांचा रंग, आणि हात बसला की सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. यात बरीच वर्षं जातात. या काळात मुलगा कमी मजुरी घेऊन शिकण्याची किंमत मोजतो आणि मालक आपला वेळ देऊन. दोघांचा हिशेब तोंडी असतो. हाती कला येते, पण कागद येत नाही.

रासायनिक कारखान्यात हे असं चालत नाही. तिथे मुलाला रिॲक्टरपाशी उभं करून ‘चुकलास तर पुन्हा कर’ असं म्हणता येत नाही. चुकीचा व्हॉल्व्ह उघडला किंवा तापमानाकडे दुर्लक्ष झालं, तर त्याची किंमत जिवानं मोजावी लागते. म्हणून आधी शाळेत, मग जाणत्या माणसाच्या हाताखाली असं दोन टप्प्यांत शिकावं लागतं. त्याला यंत्रं लागतात, शिक्षक लागतात, म्हणजेच पैसा लागतो.

आता एखादा कारखानदार म्हणेल, मी हा खर्च का करू? मी मुलगा तयार करायचा आणि तो उद्या पलीकडच्या गेटवर चार पैसे जास्त मिळतात म्हणून जायचा! प्रत्येकानं असाच विचार केला, तर बिरबलाच्या गोष्टीतल्या हौदासारखं होतं. दुसरा दूध ओतेलच असं समजून जो तो पाणी ओततो आणि सकाळी हौदात नुसतं पाणी. सगळ्यांना तयार कामगार हवा असतो, तयार करायला मात्र कोणी पुढे येत नाही. ही कोंडी फोडायची, तर खर्चाचा एक भाग सरकारनं उचलावा लागतो आणि एक भाग उद्योगानं उचलावा म्हणून कायदा करावा लागतो.

ही भागीदारी आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं ‘व्हीजेटीआय’, सुरू झालं, ते सरकारच्या मदतीवर आणि गिरणीमालकांच्या देणग्यांवर. बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं कलाभवन उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआयचं जाळं विणलं गेलं. त्या काळात देशाची तिजोरी रोह्याशी घरचं नातं असलेल्या चिंतामणराव देशमुखांच्या हाती होती. १९५० ते १९५६ ते अर्थमंत्री होते. १९५६ मध्येच आयटीआयचा रोजचा कारभार राज्यांकडे सोपवला गेला.

आयटीआयचे तीन खिसे

पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत शासकीय आयटीआय आहेत. अशी संस्था चालते कशी? शिक्षकांचा पगार, इमारत, वीजबिल हा रोजचा खर्च राज्य सरकारचा. अभ्यासक्रम, परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र हे केंद्राच्या चौकटीतलं. नवी यंत्रं, नव्या कार्यशाळा यांसाठी मधूनमधून केंद्राच्या योजना येतात. तिसरा खिसा उद्योगाचा, पण तो उघडतोच असं नाही.

तो उघडावा म्हणून २००७-०८ मध्ये केंद्रानं एक मोठा प्रयोग केला. देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना सरकारी-खासगी भागीदारीत आणायचं ठरलं. प्रत्येक संस्थेसाठी एक व्यवस्थापन समिती नेमायची, तिची संस्था म्हणून नोंदणी करायची आणि तिला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यायचं. परतफेडीची मुदत ३० वर्षं. त्यातली पहिली दहा वर्षं हप्ता नाही, पुढच्या वीस वर्षांत समान हप्ते. पूर्ण अडीच कोटी घेतले असतील, तर अकराव्या वर्षापासून वर्षाला साडेबारा लाख रुपये परत करायचे. प्रत्यक्षात १,२२७ संस्थांना हे कर्ज मिळालं.

या समितीची रचना समजून घेण्यासारखी आहे. अध्यक्ष उद्योगाचा प्रतिनिधी. स्थानिक उद्योगांतले आणखी चार सदस्य. राज्य सरकारनं नेमलेले पाच, त्यांत जिल्ह्याचा रोजगार अधिकारी, एक ज्येष्ठ शिक्षक आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधीसुद्धा. प्राचार्य हे सदस्य-सचिव. समितीला २० टक्क्यांपर्यंत प्रवेश आपल्या निकषांवर देण्याचा अधिकारही दिला गेला.

कल्पना चांगली होती. ज्याला कामगार हवा, त्यानंच काय शिकवायचं ते सांगावं. पण इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. पैसा सरकारचा होता आणि तोही कर्जाऊ. उद्योगाचा वाटा मुख्यतः वेळेचा आणि सल्ल्याचा. जिथे अध्यक्षांनी लक्ष घातलं, तिथे नव्या कार्यशाळा आल्या, मुलांना कारखाने दाखवले गेले. जिथे घातलं नाही, तिथे रक्कम मुदत ठेवीत राहिली आणि व्याजावर किरकोळ खर्च भागत राहिला. यात कोणी पैसे खाल्ले असं नाही. कर्ज फेडायचं आहे ही धास्ती आणि खर्च केला तर जाब विचारतील ही भीती, या दोन गोष्टींनीच हात आखडले. ज्याचा स्वतःचा पैसा गुंतलेला नाही, त्याला बैठकीची घाई नसते, हा या प्रयोगाचा धडा.

तो धडा पुढच्या योजनेत दिसतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एक हजार शासकीय आयटीआयच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे ३० हजार कोटी, राज्यांचे २० हजार कोटी आणि उद्योगांचे १० हजार कोटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘पीएम-सेतू’ या नावानं तिची सुरुवात झाली. दोनशे मोठ्या केंद्र-संस्था आणि त्यांना जोडलेल्या आठशे लहान संस्था, अशी तिची मांडणी आहे. या वेळी उद्योगाला नुसती खुर्ची नाही, तर खिशात हातही घालायचा आहे. रायगड जिल्ह्यातली जी संस्था या जाळ्यात येईल, तिच्या बाबतीत पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की उद्योगाचे पैसे प्रत्यक्ष आले का आणि ते कोणत्या ट्रेडवर खर्च झाले?

विद्यार्थ्याच्या हातात थेट काय पडतं, तेही सांगतो. महाराष्ट्रात आयटीआयच्या मुलांना मिळणारं विद्यावेतन कित्येक वर्षं महिना ४० रुपये होतं. ते ५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये घेतला. सुकेळीच्या किंवा कासूच्या पुढच्या वाडीवरून रोज येणाऱ्या मुलाला चाळीस रुपयांत दोन दिवसांचं एसटीचं भाडंही सुटत नव्हतं. फी कमी म्हणून शिक्षण स्वस्त, असं आपण समजतो. पण गरीब घरात खरा खर्च असतो तो भाड्याचा, डब्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा.

शिकाऊ उमेदवार : कायद्याचं गणित

आयटीआयनंतरचा टप्पा म्हणजे अप्रेंटिसशिप, शिकाऊ उमेदवारी. यासाठी १९६१ सालचा कायदा आहे. २०१४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये नियम बदलले. त्या नियमांप्रमाणे, ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिनं एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक. आणि ही मोजणी करताना कंत्राटी कामगारही धरायचे असतात. ज्या वसाहतीत कायम कामगारांच्या बरोबरीनं ठेकेदाराची माणसं राबतात, तिथे हे वाक्य महत्त्वाचं आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्यात ८० कायम आणि १२० कंत्राटी अशी २०० माणसं आहेत. नुसते कायम मोजले तर किमान दोन शिकाऊ. सगळे मोजले तर किमान पाच, आणि वरची मर्यादा तीस. पाच आणि तीस यांत पंचवीस मुलांच्या आयुष्याचा फरक आहे. कायदा पाचांवर समाधान मानतो. पुढचं कारखान्याच्या मनावर.

आता पैशाचं पाहू. २०१९ च्या नियमांनी शिकाऊ उमेदवाराला द्यायच्या विद्यावेतनाची किमान पायरी ठरवली. दहावी उत्तीर्ण मुलाला महिना सहा हजार, बारावी किंवा आयटीआय प्रमाणपत्र असलेल्याला सात हजार, पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला नऊ हजार. त्याआधी २०१६ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणली होती. तिच्यात किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिना दीड हजारांपेक्षा जास्त नाही, इतका वाटा सरकारनं उचलायचा ठरलं. सात हजारांचे २५ टक्के साडेसतराशे होतात. मर्यादा दीड हजारांची. म्हणजे सरकारचे दीड हजार, कंपनीचे साडेपाच हजार. वर्षाला सरकार १८ हजार घालतं, कंपनी ६६ हजार.

पूर्वी सरकारचा वाटा कंपनीला नंतर परत मिळायचा. त्यासाठी कागदपत्रं, फेऱ्या, विलंब. लहान कारखानदार म्हणायचा, दीड हजारासाठी एवढी यातायात कोण करतो! २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू झाली. बदल छोटा वाटतो, पण मुलाला आपल्या पासबुकात सरकारचा वाटा आला की नाही ते स्वतः पाहता येऊ लागलं.

या योजनेचं बळ कशात आहे, तर मोठा वाटा कंपनीचा आहे. महिना साडेपाच हजार मोजणारा मॅनेजर त्या मुलाला काही तरी शिकवायचं पाहतो, निदान शिकवायला हवं. दुबळेपणही इथेच आहे. साडेपाच हजारांत माणूस मिळतोय, मग त्याच्याकडून झाडलोट आणि पिंपं हलवण्याचं काम करून घ्यावं, हा मोहही याच रकमेतून होतो. मोह आवरायला निरीक्षण हवं, आणि मुलाला आपले हक्क माहीत हवेत.

ते हक्क थोडक्यात असे. शिकाऊ उमेदवार हा कायद्याच्या भाषेत कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याचा लेखी करार होतो आणि तो नोंदवला जातो. कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाच्या तरतुदी त्याला लागू असतात. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. रसायनांच्या वसाहतीत ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असली पाहिजे. मात्र मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच, असं कायदा सांगत नाही. शिकाऊ उमेदवारांना नोकरीत घेण्याबाबत आपलं धोरण कंपनीनं ठरवायचं असतं. तेव्हा करारावर सही करण्याआधीच विचारावं, की मागच्या वर्षी किती शिकाऊ होते आणि त्यांतले किती घेतले?

नफ्यातले दोन टक्के

उद्योगाच्या पैशाचा दुसरा मार्ग म्हणजे सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार, ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल एक हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी यांपैकी एका तरी रेषेवर पोचतो, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. सरासरी नफा ५० कोटी असेल, तर वर्षाला एक कोटी. खर्चाच्या मान्य यादीत रोजगार वाढवणारं व्यवसाय प्रशिक्षण स्पष्टपणे लिहिलेलं आहे. कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो.

डोलवीचा पोलाद प्रकल्प पेण तालुक्यात आहे. पूर्वी तो इस्पात इंडस्ट्रीजचा होता, २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यूकडे जाण्याचा करार झाला. नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प रोहा तालुक्यात. एके काळी तो आयपीसीएल या सरकारी कंपनीचा होता. २००२ मध्ये ती कंपनी रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि २००७ मध्ये विलीन झाली. धाटावच्या वसाहतीत सुदर्शन केमिकलसारखे कारखाने सत्तरच्या दशकापासून आहेत. म्हणजे दोन टक्क्यांच्या रेषेवर बसणारे उद्योग या दोन तालुक्यांना परके नाहीत.

पण सीएसआरचा पैसा स्वभावानंच वर्षाच्या हिशेबात चालतो. सहसा त्याच आर्थिक वर्षात तो खर्च व्हावा लागतो. त्यामुळे तीन महिन्यांचा शिवणवर्ग, संगणक वर्ग, ब्युटी पार्लरचा वर्ग अशा कामांकडे ओढा राहतो. फोटो निघतो, आकडा दिसतो. हे वर्ग वाईट नाहीत. घर सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला त्यांचा आधार होतो. परंतु ज्या गावाच्या कुशीत रसायनाचा कारखाना आहे, तिथल्या मुलीला ‘लॅबोरेटरी असिस्टंट, केमिकल प्लांट’ हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड असतो हेच कोणी सांगितलेलं नसेल, तर प्राधान्यक्रम चुकला असं म्हणावं लागेल. तसाच ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा ट्रेड. कंट्रोल रूममध्ये बसणारा माणूस इथून तयार होतो.

जमीन गावाची, पाणी कुंडलिकेचं आणि ऑपरेटर मात्र बाहेरगावचा, ही खंत औद्योगिक पट्ट्यात कायम ऐकू येते. गेटसमोर मोर्चा काढून हेल्पराच्या दहा जागा पदरात पडतात; ऑपरेटरच्या जागा मोर्चानं मिळत नाहीत, त्या दोन वर्षं आधी मुलाला योग्य ट्रेडला घातल्यानं मिळतात. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

सगळाच पैसा सरकारचा असतो तेव्हा

तिसरा प्रकार, पूर्ण सरकारी खर्चाच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचा. २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आपण ऐकलेली आहे. तिच्यात प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला दर डोई पैसे मिळतात, तेही टप्प्याटप्प्यानं. योजनेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत वर्ग सुरू झाला की काही, प्रमाणपत्र मिळालं की काही, नोकरी लागली की उरलेले मिळत. शेवटचा टप्पा अवघड, म्हणून पहिल्या दोन टप्प्यांवरच भागवण्याकडे संस्थांचा कल जायचा. मुलाच्या भिंतीवर प्रमाणपत्र लागायचं आणि तो पुन्हा नाक्यावर उभा. शारदा प्रसाद समितीनं पूर्वीच अशा त्रुटींवर बोट ठेवलं होतं आणि उद्योगांच्या वर्गणीतून प्रशिक्षणाचा निधी उभारण्याचा मार्ग सुचवला होता.

महाराष्ट्रानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. मुदत आधी सहा महिने, २०२५ मध्ये ती पाच महिन्यांनी वाढवली. हे सगळे पैसे राज्य सरकारचे. घरी बसलेल्या मुलांना त्यातून कामाची ओळख झाली, चार पैसे मिळाले, हे खरंच. पण अनेक उमेदवार रुजू झाले ते सरकारी कार्यालयांतच, आणि मुदत संपताना ‘आम्हाला कायम करा’ ही मागणी पुढे आली. जो काम देतो त्याला एक पैसाही मोजायचा नसेल, तर शिकवण्याची निकड त्याला वाटत नाही आणि पुढे ठेवून घेण्याचीही नाही.

पूर्ण सरकारी खर्चाच्या पण जमिनीवर पाय असलेल्या दोन व्यवस्थाही सांगायला हव्यात. एक, जन शिक्षण संस्थान. १९६७ मध्ये मुंबईत वरळीला पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, त्याचंच हे पुढचं रूप. रायगडसाठीही असं संस्थान आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या, अगदी अक्षरओळख नसलेल्यांनाही तिथे प्रवेश असतो. पेण-रोह्याच्या डोंगरपट्टीतल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांसाठी हे दार महत्त्वाचं, कारण आयटीआयची पायरी गाठण्याआधीच तिथली पुष्कळ मुलं शाळेबाहेर पडलेली असतात. दुसरी, बँकेनं चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेवर तिची जबाबदारी असते. रायगडमध्ये ती बँक ऑफ इंडियाकडे आहे. निवासी प्रशिक्षण मोफत असतं आणि नंतर कर्जासाठी पाठपुरावाही होतो. शिकवणाराच पुढे कर्ज देणारा असल्यामुळे मुलगा उभा राहावा, यात बँकेलाही रस असतो.

आणि पेणचा मूर्तिकार?

आता पुन्हा गणपतीच्या कारखान्याकडे वळू. या उद्योगापुढे आज मोठा प्रश्न आहे तो प्लास्टर ऑफ पॅरिसचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. त्यावर बरीच वर्षं वाद चालला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पीओपीच्या मूर्ती घडवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात त्यांचं विसर्जन परवानगीशिवाय करू नये असं सांगितलं. पुढच्या काळात शाडूकडे वळावं लागलं, तर शाडूचं काम जाणणारे हात लागणार. शाडूची मूर्ती जड असते, वाळायला वेळ घेते, जरा दुर्लक्ष झालं की तडकते. हे पुस्तकातून येत नाही.

या शिकण्याला कोण पैसे देतं? सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत मूर्तिकाराचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाखाचं, नंतर दोन लाखांचं कर्ज, अशी तिची रचना आहे. ज्याच्या हातात आधीच कला आहे, त्याला ही चांगली मदत. पण नवा हात सात दिवसांत तयार होत नाही. आणि वर्षानुवर्षं पोरं घडवणाऱ्या मालकाला शिकवण्याबद्दल या योजनेत काही नाही. चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्याला शिकाऊ उमेदवारी कायद्याचं ऐच्छिक दार उघडं आहे, हे मात्र पेणच्या मूर्तिकार संघटनांनी पडताळून पाहण्यासारखं आहे. सरकारचे दीड हजार आणि एक नोंदलेला करार, एवढं मिळालं तरी पोराच्या हाती पहिल्यांदा कागद येईल.

जर्मनीत धंदा शिकणारा मुलगा आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस शाळेत असतो. कंपनीतल्या प्रशिक्षणाचा खर्च कंपनीचा, शाळेचा खर्च सरकारचा. १९६९ च्या कायद्यानं ही विभागणी पक्की केली. ब्रिटननं २०१७ पासून मोठ्या मालकांच्या पगारबिलावर अर्धा टक्का आकार बसवला; शिकाऊ घेतले तर त्यातून खर्च करा, नाही तर पैसे गेले. दोन्हीकडे सूत्र एकच. मालकाचा पैसा आधी गुंतला पाहिजे, म्हणजे शिकवणं त्याच्या स्वार्थाचं होतं.

मग आपण काय करायचं? आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये व्यवस्थापन समिती आहे का, तिचा अध्यक्ष कोण, वर्षात बैठका किती झाल्या, हे पालकांना विचारता येतं. कंपनीच्या वार्षिक अहवालात सीएसआरचा तक्ता असतो. सीएसआरवर किती खर्च झाला हे त्यात छापलेलं असतं. ते ग्रामसभेत वाचता येतं. ग्रामपंचायतीला कंपनीकडे आणखी एक मंदिर किंवा कमान मागता येते, तसा धाटावला उपयोगी पडेल अशा ट्रेडच्या मुलांचा दोन वर्षांचा प्रवासखर्चही मागता येतो. वीस मुलांचा एसटीचा पास हा कोणत्याही मोठ्या कंपनीला जड जाणारा खर्च नव्हे. पण त्या पासावर वीस घरांत पुढच्या तीस वर्षांचा पगार येऊ शकतो.

पेणच्या मालकानं स्वतःच्या वेळेची किंमत मोजून पोरं घडवली, म्हणून पेणचा गणपती देशापरदेशात गेला. धाटावच्या आणि डोलवीच्या कारखान्यांकडे पैसाही आहे आणि आता कायद्याचा आधारही आहे. शिकवण्याचं मन तेवढं त्यांना करायचं आहे. ते होतं की नाही, यावर आपण गावकऱ्यांनी नजर ठेवायची आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)